चौथा कंट्रोल

मंगळवार, ७ ऑक्टोबर १९८६

प्रयोगशाळेची वही वेगळी आहे. तिच्यात आकडे जातात. ही वही उरलेल्या गोष्टींसाठी. फारसं काही उरत नाही, तेव्हा वर्षभर पुरेल.

आज पहिली पूर्ण बॅच झाली. रंगाच्या कारखान्यात वाफा हुंगत काम करणाऱ्यांच्या लाल पेशी आतून गंजतात का, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न. पेशीत ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य असतं. ऑक्सिजनचा मारा ते स्वतःवर घेतं म्हणून पेशी वाचते. ते किती आहे ते मी मोजते. रसायन घातलं की नळीतला नमुना पिवळा होतो. जितका पिवळा, तितका पेशीचा बचाव भक्कम. पिवळेपणा यंत्र मोजतं.

तुलनेला धडधाकट माणसांचं रक्त लागतं. त्यांना कंट्रोल म्हणायचं. आमच्या संस्थेत पूर्वीपासूनची रीत अशी की कंट्रोल म्हणजे आपणच. बाहेर कोण शोधत बसणार? पहिली मी, दुसरी वनमाला, तिसरे माझे मार्गदर्शक नंदकिशोर सर, चौथा वर्कशॉपमधला जयवंत परब, पाचवा आणि सहावा ग्रंथालयातले दोघे. दर मंगळवारी सहाही जणांचं रक्त घ्यायचं.

कामगार सरासरी ५१. कंट्रोल सरासरी ६७. फरक आहे. पण एका बॅचवर काही बोलू नये.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बाकीच्यांचं रक्त वनमाला काढते. ती बारा वर्षं हेच काम करते आहे आणि तिचा हात हलका आहे. जयवंतचं मी काढते, कारण त्याची शीर खोल आहे.

वनमाला हे ऐकून इतकी हसली की तिला टेस्ट-ट्यूबचा स्टँड खाली ठेवावा लागला. "खोल? अगं, आमच्या वर्सोव्याच्या होडीचा दोर बारीक असेल एवढी शीर आहे त्याची. मला डोळे बांधून सांग, काढून देते."

मी म्हटलं, "सवय व्हायला हवी मला."

"हां, मग कर ना सवय," ती म्हणाली. "कोणी अडवलंय?"

रक्त देऊन झाल्यावर यंत्राचा दिवा फडफडतोय असं जयवंत म्हणाला. मला तसं दिसलं नव्हतं. त्याने मागचं झाकण उघडून चाळीस मिनिटं काम केलं. तो काम करताना बोलतो. वडील, धाकू परब, गिरणीत होते; संपानंतर आरे कॉलनीत गोठ्यावर लागले. आता सगळं घर तिथेच, युनिटच्या, म्हणजे गोठ्यांच्या वसाहतीच्या, चाळीत.

मी त्याला तुम्ही म्हणते. तो मला मॅडम म्हणतो. ते योग्य आहे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

कामगार ४९. कंट्रोल ६६. जयवंत ५८, सहांत सगळ्यांत कमी, पण मर्यादेत.

त्याने खरवस आणला. गोठ्यावर म्हैस व्यायली होती. "रक्त तुम्ही काढता, भरपाई मी आणायची. उलटा हिशेब आहे तुमचा, मॅडम."

रसायनांच्या फ्रिजमध्ये खाण्याचं काही ठेवू नये, ही पाटी मीच लिहून लावलेली आहे. डबा खालच्या कप्प्यात ठेवला. वनमालाने पाटीकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग माझ्याकडे.  

दिव्याऐवजी आज नमुन्याची कुपी बसते तो खाचा सैल झाला होता. जयवंतने पाहिल्यावर कळलं. तीस मिनिटं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवाळी मुलुंडला, घरी. आईने दोन स्थळांचे फोटो दाखवले. दोघेही सुशिक्षित. मला त्यांच्यात दोष काढता आला नाही, म्हणून विचार करते म्हटलं.

सरांनी नवी चाचणी जोडायला सांगितली. नुसतं किती आहे ते मोजून भागत नाही. रक्तावर एक जालीम रसायन टाकायचं, शरीराच्या उष्णतेला दोन तास ठेवायचं, आणि मग पाहायचं की पेशीने आपलं ग्लुटाथायोन टिकवलं की गमावलं. सर म्हणतात, शांत बसलेल्या माणसाची ताकद कळत नाही, धक्का द्यावा लागतो.

निरोगी पेशी गमावलेलं पुन्हा भरून काढते. पाच कंट्रोल साठच्या आसपास टिकले. जयवंत १४.

नळी जवळजवळ पाण्यासारखी दिसत होती. मी खिडकीशी नेऊन पाहिली. पिवळा नव्हताच.

कारण उघड आहे. रक्त काढल्यावर तो गोठ्यातल्या बैलाची गोष्ट सांगत होता आणि नळी वीस मिनिटं बर्फाबाहेर राहिली. चूक माझी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज नळी लगेच बर्फात ठेवली. जयवंत पुन्हा कमीच, १२. इतर ठीक.

पिपेटवर माझा अंगठा घसरला होता. बहुधा दोनदा.

कंट्रोल नीट आले नाहीत तर प्रबंधाचा पायाच डळमळतो. सारांश जानेवारीत द्यायचा आहे आणि शिष्यवृत्ती ३१ मार्चला संपते. चुकायला जागा नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज १५.

एकंदर विचार केला. हात माझाच, रसायन तेच, यंत्र तेच. पाच नमुने बरोबर येतात आणि एकच बिघडतो. फरक एवढाच की चौथा नमुना काढताना मी नीट नसते. नीट नसते म्हणजे काय, हे ठरवायला तो आल्यावर माझी नाडी मोजली. ९६. एरवी ७२. अशा हाताने केलेलं मोजमाप ग्राह्य धरता येत नाही.

संस्थेच्या नियमाप्रमाणे तिन्ही आकड्यांवर वाचता येईल अशी एकच रेघ मारली आणि समासात कारण लिहिलं: हाताळणीतील चूक. त्याला सांगितलं, "पुढच्या मंगळवारपासून येऊ नका. तुमचा नमुना धरता येत नाही."

"नापास झालं माझं रक्त?"

"रक्तात काही नाही. हाताळणीत दोष आहे."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"मग तुम्ही सुधारा की, मॅडम. मला कशाला काढता?"

 त्याने बाहीचं बटण लावलं. एरवी तो ते जिन्यात लावतो.

"रक्त देऊन वर हाकललेला मी पहिलाच असेन," तो म्हणाला. हसून म्हणाला, पण यंत्राकडे न पाहता गेला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पाच कंट्रोल. काम साडेतीनला संपलं, नेहमीपेक्षा दीड तास आधी.

यंत्र आठवडाभरात एकदाही बिघडलं नाही. हे नोंदवण्यासारखं आहे, कारण गेला दीड महिना दर मंगळवारी त्यात काही ना काही निघत होतं. उष्ण हवेचा परिणाम असावा. आता थंडी आहे.

वर्कशॉपवरून दोनदा जावं लागलं. एकदा काम होतं.

गुरुवार, ४ डिसेंबर

क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सकाळी अकराला वर्कशॉपमधला रतन सुटे भाग घेऊन आला. वनमालाने विचारलं, "तुझा जोडीदार कुठे रे? चार दिवस दिसला नाही."

"जयवंत? त्याची वाट लागलीय. मलेरिया. ताप उतरला सोमवारी, पण आता कावीळ उपटलीय वाटतं. डोळे पिवळे. लघवी काळ्या चहासारखी, म्हणतो."

मी विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"तापाच्या संपल्या. आता त्या दुसऱ्या, पाच दिवसांच्या. मलेरिया परत येऊ नये म्हणून देतात त्या."

प्रायमाक्विन.

मी वही उघडली. चौदा, बारा, पंधरा. तिन्ही आकडे रेघेखाली स्वच्छ वाचता येत होते. काही माणसांच्या लाल पेशींत एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना कळतही नाही. पण ठरावीक औषधांचा मारा झाला की पेशी ग्लुटाथायोन भरून काढू शकत नाही आणि फुटते. त्या औषधांत प्रायमाक्विनचं नाव पहिलं येतं. आणि अशी माणसं ओळखण्यासाठीच ती दोन तासांची चाचणी शोधली गेली. ज्या पुस्तकातून मी कृती उतरवली, त्याच्या पहिल्या परिच्छेदात हे लिहिलेलं आहे. मी तो परिच्छेद पेन्सिलीने अधोरेखित केलेला आहे.

सरांच्या खोलीत गेले. त्यांनी आकडे पाहिले.

"किती वेळा केलीस?"

"तीन वेळा."

"आणि तिन्ही वेळा तूच चुकलीस? इतर पाचांच्या वेळी नाही?"

"मला तसं वाटलं."

"का वाटलं?"

 त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे नंतर. आधी जा. गोळी थांबव आणि त्याला हॉस्पिटलात हलव. मी तिथे फोन करतो. अंगात रक्त किती उरलंय ते आधी बघायला सांग."

रतन बरोबर आला. गोरेगावपासून रिक्षा केली. आरेच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडं आहेत आणि खूप वळणं आहेत. लाल पेशींचा विसावा भाग फुटला तर काय, तिसरा भाग फुटला तर काय, असं गणित मी करत होते. ते मला थांबवता येईना.

चाळीतली तिसरी खोली. दारातच त्याची आई, मथुराबाई, एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात गोळी घेऊन उभी होती. चौथ्या दिवसाची गोळी. जयवंत भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या तळहातांना रंग नव्हता.

मी म्हटलं, "ती गोळी घेऊ नकोस."

एकेरीत बोलले. घाई होती.

मथुराबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू कोण गो?"

रतन म्हणाला, "मावशी, ह्या आमच्या संशोधनवाल्या मॅडम."

"असतील. डाक्तरान पाच दिवस घेऊक सांगल्यान हा. ताप उतारलो तो गोळ्यांनीच. आता दोन दिवसांसाठी सोडू?"

मी एन्झाइमबद्दल सांगितलं. पेशीबद्दल सांगितलं. मथुराबाई गोळी मुठीत धरून ऐकत होत्या आणि त्यातलं काहीही त्यांना पटत नव्हतं. ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. रास्तच होतं. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो. मी नुसती आलेली होते.

मग मी म्हटलं, "मी त्यांचं रक्त तपासलं होतं. तीनदा. तिन्ही वेळा त्यात दोष दिसला. मला वाटलं माझं चुकलं, म्हणून मी ते खोडलं आणि कोणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरने ही गोळी दिलीच नसती."

 बाहेर म्हशी धुण्याचा आवाज येत होता.

"म्हणजे तुका ठाऊक होता?" मथुराबाई म्हणाल्या.

"आकडा ठाऊक होता."

त्यांनी गोळी पेल्यात टाकली आणि पाणी मोरीत ओतलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रतन, रिक्षा आसा ना भायर? उठव त्येका."

उठताना जयवंतचा तोल गेला. मी त्याचा दंड धरला. डावा. ज्यातून मी रक्त काढत असे तोच. त्याने मान वळवून पाहिलं. "मला काढून टाकलंत ते यासाठी होय?"

"हो."

"मला वाटलं, खरवस आवडला नाही."

हॉस्पिटलात हिमोग्लोबिन ५.८ निघालं. निरोगी पुरुषाला चौदा लागतं. एक बाटली रक्त चढवायचं ठरलं. माझं जुळलं नाही. रतनचं जुळलं.

शुक्रवार, ५ डिसेंबर

लघवी अजून गडद. मूत्रपिंडांवर ताण आहे म्हणतात. उद्यापर्यंत थांबा म्हणतात.

मी कामावर गेले होते. काय काम केलं ते प्रयोगशाळेच्या वहीत असेल.

रविवार, ७ डिसेंबर

लघवी फिक्या पिवळ्यावर आली. वॉर्डातल्या डॉक्टरांनी स्वतः बाटली उजेडात धरून दाखवली. मी आयुष्यात पिवळ्या रंगाकडे इतका वेळ पाहिलेलं नाही, आणि तो रंग हेच माझं काम आहे.

खाटेशी गेले नाही. तो झोपला होता. दारातून दिसत होता.

मंगळवार, ९ डिसेंबर

सरांनी पुन्हा विचारलं. खोडलेल्या आकड्यांचं कारण आता दुरुस्त करावं लागेल, आणि ते खरं असलं पाहिजे.

"तुला नक्की काय वाटलं होतं?" ते म्हणाले. "शिक्षा नाही करत. पण तुझ्यासारखी मुलगी आपल्याच तीन सारख्या आकड्यांवर विश्वास का ठेवत नाही, ते मला समजलं पाहिजे."

मी म्हटलं, "त्यांचं रक्त काढताना माझा हात स्थिर नसतो, असं मला वाटत होतं."

"होता का अस्थिर?"

"आकडे तीनदा सारखे आले, म्हणजे नसावा."

सरांनी वही ओढून ते तीन आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाले, "हात स्थिर होता तर. लिही, मोजमाप ग्राह्य." आणि मी दाराशी पोचल्यावर, "मृणालिनी, हात सोडून बाकीचं काय ते वहीत लिहू नकोस. तो आपला विषय नाही."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

मंगळवार, १६ डिसेंबर

जयवंत शनिवारी घरी गेला. आज मथुराबाई रक्त तपासायला आल्या. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मीच निरोप पाठवला होता.

त्यांनी वनमालाला हात देऊ केला नाही. "हिनाच काढूंदे," म्हणाल्या. मी काढलं. त्यांची शीर खरंच खोल आहे.

दोन तास त्या स्टुलावर बसून होत्या. आकडा ३४ आला. मधला. म्हणजे त्यांच्यातूनच गेलं.

"माझ्याकडसून इला म्हणजे?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मियाच पोराक दिलंय ह्यां?"

"तुम्ही दिलं नाहीत. ते गेलं. कोणाच्या हातात नसतं."

"आणि तेच्या पोरांक?"

"मुलगे झाले तर एकालाही नाही. मुली झाल्या तर सगळ्यांत जाईल, पण तुमच्यासारखं, त्रास न होता. आधी माहीत असलं म्हणजे भीती नाही. औषधं टाळायची, बस. यादी मी लिहून देते."

"लगीन तरी होऊंदे मेल्याचा," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसता पुसता हसल्या. मग विचारलं, "तुझां झालां काय गो?"

"नाही."

"हं," त्या म्हणाल्या. यादीचा कागद चार वेळा दुमडून त्यांनी कमरेला खोचला.

घरी आल्यावर तक्ता काढला. दोन मुली, एक मुलगा. दोन मुली, दोन मुलगे. प्रत्येक मुलीत निम्मी शक्यता नसून पूर्ण आहे, हे नीट लक्षात राहावं म्हणून. त्या मुलांच्या आईचं रक्त निरोगी धरलं. उदाहरणादाखल माझे आकडे घेतले, कारण तेच जवळ होते. मग तक्ता फाडला. माझ्या आईने दाखवलेल्या दोन्ही स्थळांना नाही कळव म्हणून तिला सांगितलं. कारण विचारलं तर प्रबंध आहे म्हटलं.

मंगळवार, २३ डिसेंबर

तो आला. बारीक झालाय. शर्टाची बाही आधीच वर दुमडलेली.

मी रक्त काढलं, चाचणी लावली. दोन तास तो जाऊन आला असता तरी चाललं असतं. गेला नाही. वनमालाला बाजारात काम निघालं.

आकडा ५५ आला. जवळपास निरोगी. नळी छान पिवळी होती. त्याने ती माझ्या हातातून घेऊन उजेडात धरली.

"पास झालो की."

"नाही," मी म्हटलं, आणि समजावून सांगितलं. गोळीने त्याच्या जुन्या, दुबळ्या पेशी फुटून गेल्या. आता अंगात आहेत त्या रतनच्या आणि नव्या कोवळ्या. नव्या पेशीत एन्झाइम थोडं जास्त असतं, म्हणून आकडा चांगला दिसतो. तो फसवा आहे. लाल पेशी एकशेवीस दिवस जगते. तेवढे दिवस जाऊ द्यायचे, मग पुन्हा तपासायचं. तेव्हाचा आकडा खरा. तोपर्यंत त्याने स्वतःला निरोगी समजू नये.

"आणि तोपर्यंत कंट्रोल?"

"कंट्रोल आता कधीच होता येणार नाही. तुम्हाला यादीतून काढलं आहे. या वेळी कारण बरोबर आहे."

"म्हणजे मंगळवारी काही काम नाही."

"नाही."

त्याने यंत्राच्या झाकणावर हात ठेवला. उघडलं नाही. "हे कधीच बिघडलेलं नव्हतं, मॅडम," तो म्हणाला. "ते एक सांगायचं राहिलं होतं."

मी म्हटलं, "मग झाकण का उघडायचात?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला प्रश्न नीट विचारता आला नसावा. त्याने बटण लावलं. "एकशेवीस दिवस कधी होतात?"

"चार डिसेंबरपासून मोजायचे. तीन एप्रिल. शुक्रवार."

"येतो. इथेच ना?"

"इथेच," मी म्हटलं.

तो जिना उतरायला लागला. पहिला मजला उतरेपर्यंत मला त्याच्या चपला ऐकू येत होत्या. शिष्यवृत्ती ३१ मार्चला संपते. तीन एप्रिलला या टेबलाशी दुसरं कोणीतरी असेल. मी चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि ते देताना मला ते चुकीचं आहे हे माहीत होतं. एकदा माहीत असून गप्प राहिल्यावर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

टेबलावर नमुन्यांना लावायच्या कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. एकीवर मुलुंडचा पत्ता लिहिला आणि खाली धावले. धावले हेच खरं. तो फाटकाशी होता.

"तीन एप्रिलला मी इथे नसेन," मी म्हटलं. "हा घरचा पत्ता."

त्याने चिठ्ठी वाचली. हळू वाचली, दोन ओळींना लागायला नको तेवढा वेळ लावून. "घरी ते यंत्र आहे तुमच्या?"

"नाही."

"सुई, बर्फ, दोन तासांची ती भट्टी?"

"नाही."

"मग मी येऊन करायचं काय?"

मला खूप दम लागला होता. मी नाडी मोजली नाही. "ते मला अजून माहीत नाही," मी म्हटलं. "पण ये."